सायनसच्या अँटिबायोटिकआधी तुकडा तपासा

तीन-तीन महिने नाक चोंदलेलं, कपाळ जड, वास येईनासा झालेला आणि हातात अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स. जुनाट सायनसचे अनेक रुग्ण याच चक्रात अडकतात. पण यातल्या पुष्कळांचं मूळ दुखणं जंतूंचं नसतं. सायनसच्या अस्तराचा दाहच शमत नाही. तो कोणत्या पेशींमुळे धुमसतोय, हे वरवर पाहून कळत नाही. त्यासाठी अस्तराचा तुकडा तपासावा लागतो.

एंडोस्कोपने काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात. कल्चर करायचं असेल तर दुसरा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये द्यायचा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर वाया जातं. रंगवलेल्या काचपट्टीवर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी चटकन ओळखू येतात: दोन पाळ्यांचं केंद्रक, भोवती लालसर-गुलाबी कण. मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात अशा 10 किंवा जास्त पेशी असल्या, तर 2020च्या युरोपीय मार्गदर्शिकेप्रमाणे ती ‘टाइप 2’ दाहाची खूण. तिथे भिस्त मुख्यतः स्टिरॉइडवर.

इओसिनोफिल कमी आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त असतील, तर अँटिबायोटिकच्या मॅक्रोलाइड गटातल्या औषधाचा विचार होतो. तेही जंतू मारायला नव्हे. 1980च्या दशकात जपानमध्ये शोजी कुदोह यांनी फुप्फुसांच्या एका चिवट आजारावर कमी मात्रेत, दीर्घकाळ याच गटातलं एरिथ्रोमायसिन वापरलं. यातल्या बहुतेक रुग्णांना सायनसचाही त्रास असे आणि तोही कमी होऊ लागला. हे औषध न्यूट्रोफिलांना बोलावणारे संदेश दाबतं.

ऑस्ट्रेलियात 64 रुग्णांवर याच गटातल्या रॉक्सिथ्रोमायसिनची तीन महिने चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. रक्तात आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) कमी असलेल्यांना जास्त गुण आला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांत झालेल्या चाचणीत 60 रुग्णांना अ‍ॅझिथ्रोमायसिन हे याच गटातलं औषध किंवा बिनऔषधी गोळी दिली. फरक दिसला नाही. मला यातून एवढंच दिसतं की सरसकट सगळ्यांना हे औषध देण्यात अर्थ नाही. शिवाय ते हृदयाची लय बिघडवू शकतं, म्हणून हृदयरोग असणाऱ्यांनी ईसीजी काढलेला बरा.

तुकड्यात बुरशीही सापडते. 2021मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पाहिला. त्या बुरशीचे रुंद, जवळपास काटकोनात फुटणारे तंतू अशाच तपासणीत दिसतात. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही.

सायनसच्या ऑपरेशनमध्ये ऊतक तर निघतंच. पण रिपोर्टवर अनेकदा ‘जुनाट दाह’ एवढंच येतं. इओसिनोफिल किती, न्यूट्रोफिल किती, बुरशी आहे का, हे लिहून द्या, असं सर्जनने पॅथॉलॉजिस्टला सांगायला हवं. आणि रुग्णानेही ते विचारावं.