राजा बोलला कायले?

मूर्तिजापूरला अकोल्याची पॅसेंजर सोडून आम्ही शकुंतलेत बसायचो. अरुंद रुळांची ती गाडी अचलपूरपर्यंतचे ७६ किलोमीटर चार तासांत कापायची, आणि तेही तिच्या मनात असेल तर. दर्यापूर येईस्तोवर माझा ‘चांदोबा’ वाचून संपलेला असे. मग अंजनगाव सुर्जीपर्यंत तोच अंक शेवटच्या पानापासून मागे वाचायचा. उत्तर आधी, प्रश्न नंतर. वेताळकथा अशी उलटी वाचली तरी चालते, हा शोध मला तेव्हाच लागला होता. ती का चालते, हे कळायला पुढची चाळीस वर्षे गेली.

आजोळी पानमळे होते. विड्याच्या वेलींनी भर दुपारी काळोख केलेला, पाणी सोडलेलं, पायाखाली गारेगार चिखल, आणि उत्तरेला मेळघाटाची निळी रेघ. ‘चांदोबा’तल्या मांत्रिकांची अरण्यं मी तिथेच बसवली होती, त्यांना दुसरी जागा माझ्याकडे नव्हतीच. आजीला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर मी तिला वेताळ वाचून दाखवायचो. राजाने उत्तर दिलं, मौन मोडलं, वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर गेला, की ती दर महिन्याला तेच विचारी, “काहून रे, राजा बोलला कायले? चूप बसाव ना.”

“आजी, माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं होतील ना त्याच्या.”

“मंग ‘मले नाही मालूम’ अशी मान हालवाव अन् चालाव पुढं. त्याले कोन पाहून राह्यलं तिथं मसनात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर अमरावतीत एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘चांदोबा’चे पुठ्ठ्यात बांधलेले तीन खंड मिळाले, ते घरी आणून पहिल्या रात्री वाचले, तेव्हाही नव्हतं.

लहानपणीचं आवडतं पुस्तक मोठेपणी उघडायला धाडस लागतं. इंग्रजी वाचणाऱ्यांना हा अनुभव ‘नार्निया’च्या सात पुस्तकांनी दिला. सी. एस. लुइसच्या १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या मालिकेतला सिंह हा ख्रिस्ताचं रूप आहे, हे मोठेपणी लक्षात आल्यावर कित्येकांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. मीही अशाच काहीशा तयारीने बसलो होतो. आणि खटकायचं ते खटकलंच. राजकन्या बक्षिसासारखी वाटली जाते. राक्षस काळा, राजपुत्र गोरा. गरीब माणूस गुणी असला की शेवटी कुणीतरी धनिक त्याला पदरी ठेवतो, स्वतःचा नांगर घेऊन देत नाही. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे शेवटचं जरा जास्तच टोचतं.

पण आधी लक्षात आली ती नारळाची झाडं. जवळजवळ प्रत्येक चित्रात नारळ. देवळांना गोपुरं. उतरत्या छपराची घरं, पुढे खांबांची पडवी, डोक्यामागे शेंडीची गाठ बांधलेले पुरुष. काळ्या मातीत, बाभूळ-निंबाच्या सावलीत वाढलेल्या पोराने हे सगळं जादूच्या राज्यात जमा केलं होतं. पाटील-देशमुखांच्या गावात राहून ‘चांदोबा’तला जमीनदारही मला यक्षाइतकाच अद्‌भुत वाटे. ती जादू नव्हती. ते कुणाचं तरी रोजचं अंगण होतं.

१९४७च्या जुलैत मद्रासहून तेलुगू आणि तमिळ भाषांत ‘चंदामामा’ निघाला. तो काढणारी बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी ही जोडी पुढे तेलुगू चित्रपटांत गाजली. ‘मायाबाजार’ हा १९५७चा चित्रपट त्यांच्याच विजया संस्थेचा. मासिकाच्या भाषा वाढत गेल्या आणि १९५२मध्ये मराठी ‘चांदोबा’ आला. बाकीच्या बहुतेकांनी चंद्राला मामाच ठेवलं. मराठीने त्याला खंडोबा, विठोबा, म्हसोबाच्या रांगेत बसवलं. कोकणात आरवलीला वेताळाचाही वेतोबा होतो, त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. त्यामुळे मराठी अंकात वेताळ आणि चांदोबा हे एकाच गोतातले ठरले, हे मद्रासमध्ये कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

तेलुगू मजकूर आधी तयार व्हायचा आणि तो इतर भाषांत उतरायचा. आज वाचताना ते जाणवतं. वाक्यं स्वच्छ आहेत, पण त्यांना गाव नाही. पुण्याची नाहीत, वऱ्हाडची तर नाहीतच. मला वाटतं, अकोला-अमरावतीच्या पोरांना ही भाषा जवळची वाटली ती त्यामुळेच. पाठ्यपुस्तकातली मराठी आम्हाला सतत दुरुस्त करायची. ‘चांदोबा’ची मराठी स्वतःच परगावची होती, ती कुणाला काय शिकवणार? आणि तेलुगू मुलूख आम्हाला तसा लांबचाही नव्हता. वऱ्हाड १८५३पर्यंत प्रत्यक्ष निजामाच्या अमलाखाली होता, आणि नंतरही कागदोपत्री त्याचाच राहिला. अकोल्याहून पूर्णामार्गे मीटरगेजवरून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आम्ही फलाटावर उभे राहून पाहायचो. गोष्टी त्याच दिशेकडून येतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्टी लिहितं कोण, हेही नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या अद्‌भुत कादंबऱ्या, मांत्रिक, पाताळातले दुर्ग, उजाड देवळं, मायावी सरोवरं, या दासरी सुब्रह्मण्यम यांच्या. १९५४मध्ये ‘तोकचुक्क’ म्हणजे धूमकेतू या कथेने सुरुवात करून त्यांनी अशा डझनभर मालिका लिहिल्या. अंकात त्यांचं नाव नसे. जन्मभर त्यांनी त्या कचेरीत काम केलं आणि २०१०मध्ये ते गेले. शाळेत असताना कुणी आवडता लेखक विचारला असता, तर मी खांडेकर, साने गुरुजी असं काहीतरी शहाण्यासारखं सांगितलं असतं. खरं उत्तर दासरी सुब्रह्मण्यम हे होतं. ते मला पन्नाशीनंतर कळलं, त्यांच्या मृत्यूनंतर.

वेताळाची वाट याहून लांबची. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीच्या करमणुकीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. आपण ज्याला विक्रम म्हणतो तो तिथे त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी उज्जैन नव्हे, गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. सोमदेव ज्या ‘बृहत्कथे’चं ऋण सांगतो ती गुणाढ्याची, पैशाची भाषेतली, आणि कथेनुसार गुणाढ्य सातवाहनांच्या दरबारातला. राजाने त्याचा ग्रंथ नाकारला, म्हणून तो रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवायचा आणि जाळायचा. सात लाख श्लोकांतले सहा लाख जळाले, मग राजा धावत आला. वऱ्हाडच्या माणसाला हे ऐकून रिद्धपूर आठवावं. म्हाइंभटांचं मूळ लीळाचरित्र परचक्रात हरवलं आणि महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा उभं केलं, असं परंपरा सांगते. आपल्याकडे ग्रंथ एकदा तरी हरवल्याशिवाय टिकत नाही.

मराठीत ही पंचविशी सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३०मध्येच आणली होती. तरी आमच्या पिढीला वेताळ भेटला तो मद्रासमार्गे. पैठणची गोष्ट काश्मीरला गेली, संस्कृतातून तेलुगूत उतरली आणि अंजनगावच्या ओट्यावर पोचली. पैठण ते अंजनगाव सरळ रस्त्याने एका दिवसाचं अंतर आहे.

मूळ पंचवीस कथा मी मराठी अनुवादात वाचल्या, आणि आजी हवी होती असं वाटलं. त्यांत मंदारवतीची गोष्ट आहे. तिला तीन तरुण मागणी घालतात, ती लग्नाआधीच मरते. एक तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा कुठून तरी संजीवनी मंत्र मिळवतो. ती जिवंत होते. मग ती कुणाची? राजाचा निवाडा असा: जिवंत करणारा तो बाप, अस्थी नेणारा तो मुलगा, राखेला कवटाळून झोपला तो नवरा. निवाडा देखणा आहे, पण आजीने पहिल्या झटक्यात विचारलं असतं, “त्या पोरीले कोनी इचारलं काय?” तसंच ते दोन मुंडकी आणि दोन धडं यांच्या अदलाबदलीचं. मस्तक नवऱ्याचं तो नवरा, असं राजा सांगून मोकळा होतो. टॉमस मानने १९४०मध्ये या उत्तरानंतर काय होईल ते लिहिलं आणि गिरीश कार्नाडांनी त्यातून ‘हयवदन’ घडवलं. दोघांनीही राजाचं उत्तर मानलं नाही.

‘चांदोबा’त अशा गोष्टी फार काळ पुरणार नव्हत्या. महिन्याला एक धरली तर पंचवीस कथा दोनेक वर्षांत संपतात. वेताळ तर दशकानुदशके चालला. चौकट जुनी ठेवून आत नव्या गोष्टी बसवल्या गेल्या. १९५२ ते १९८० या काळात मासिकाची संपादकीय सूत्रं कोडवटिगंटि कुटुंबराव यांच्या हाती होती. तेलुगू मध्यमवर्गाचं वास्तव चित्रण करणारा, विवेकवादी, डाव्या विचारांचा हा कथाकार. भुताखेतांवर त्याचा विश्वास असायचं कारण नाही. तरी मसणवाटेतल्या प्रेताच्या तोंडून तो महिन्याच्या महिन्याला गोष्ट वदवून घेत होता.

या नव्या कथा मी सलग वाचत गेलो आणि तिसऱ्या खंडाच्या मध्यावर कुठेतरी थांबलो. प्रश्नाची जात बदललेली होती. जुना वेताळ विचारतो: ही वस्तू कुणाची, श्रेष्ठ कोण, पाप कुणाच्या माथी? ‘चांदोबा’चा वेताळ माणसाच्या वागण्याकडे बोट दाखवतो. जिंकलेलं राज्य कुणीतरी परत करतो, मिळालेलं इनाम कुणी नाकारतो, गुरू सगळ्यात हुशार शिष्याला घरी पाठवतो. वेताळ आधी स्वतःच त्याचा अर्थ लावून मोकळा होतो: हा माणूस मूर्ख होता, की भित्रा, की त्याला अहंकार झाला होता? तो अर्थ नेहमी कोता असतो, आणि वाचणाऱ्यालाही तोच आधी सुचलेला असतो. राजा तो खोडून काढतो. असं नाही, त्याच्या मनात हे होतं, म्हणतो.

आजीला सांगायचं उत्तर बहुतेक हेच होतं. डोकं फुटण्याची अट ही पोरांसाठी. राजाला गप्प बसून चालता आलं असतं, मान हलवून काम उरकता आलं असतं. पण एका अनोळखी माणसाचा चुकीचा अर्थ लावला जातोय आणि तो दुरुस्त करू शकणारा तिथे एकटाच आहे, तर त्याला राहवत नाही. एवढ्यासाठी तो सगळी रात्र फुकट घालवतो. पुढल्या महिन्यात पुन्हा तेच झाड. उलटं वाचलं तरी चालायचं तेही यामुळेच: आधी माणूस समजून घ्यायचा, मग त्याच्यावरचा आरोप ऐकायचा.

सोमदेवाकडे मात्र शेवट आहे. एक राजा आणि त्याचा मुलगा वाटेवर स्त्रियांच्या पावलांचे ठसे पाहतात. मोठी पावलं बापाची बायको, लहान मुलाची, असं ठरतं. पण मोठी पावलं मुलीची निघतात आणि लहान आईची. बाप मुलीशी लग्न करतो, मुलगा आईशी. त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? त्रिविक्रमसेन विचार करतो आणि काही न बोलता चालत राहतो. त्याला खरंच माहीत नसतं. वेताळ प्रसन्न होऊन, राजाला प्रेत आणायला पाठवणाऱ्या भिक्षूचं कपट सांगून टाकतो आणि गोष्ट संपते. ‘चांदोबा’ला हे परवडणारं नव्हतं. तिथला राजा कधीच निरुत्तर झाला नाही, म्हणून तो कधीच पोचला नाही. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, असं त्याचं चित्रकार शंकर यांनी काढलेलं चित्र इतकी वर्षे पाहिलं, की राजा चालतोय हेच खरं वाटायचं. शंकर २०२०मध्ये वारले, पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मासिक त्याआधीच, २०१३च्या सुमारास, बंद पडलं होतं. राजा त्या वेळी नक्की कुठे होता, झाडाकडे जाताना की झाडाकडून येताना, ते पाहायला माझ्याकडे शेवटचा अंक नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच दुकानात चौथा खंड दिसला. कसर लागलेला, बांधणी सुटलेली. उभ्या उभ्या वेताळकथा काढली. वेताळाचा प्रश्न पानाच्या तळाशी संपत होता आणि पुढचं पान फाटलेलं होतं. मी दुकानदाराला ते दाखवून म्हटलं, “उत्तरच नाही यात. किंमत कमी करा.”

त्याने चष्मा वर करून पान पाहिलं, मला पाहिलं, आणि खंड परत माझ्या हातात दिला.

“सवाल तं शाबूत हाय ना भाऊ? मंग पैसे पुरे लागतीन.”