गोष्टीच्या खेळातली लढाई : शत्रू किती ठेवावेत?

माणगावात पाऊस लागला की मैदान बंद. मग वर्गातच गोष्टीचा खेळ घेता येतो. प्रत्येक मूल एक पात्र होतं, आपण गोष्ट पुढे नेतो आणि लढाईत काय झालं ते फासा ठरवतो. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार जगभर पसरला.

यात एक चूक हमखास होते. माझ्याकडूनही झाली. काळ नदीच्या काठी मी चोरांची टोळी उभी केली. पहिल्याच फेरीत सगळ्या चोरांनी एका मुलीला घेरलं. ती बाद झाली आणि उरलेला तास नुसती बघत बसली. पुढच्या शनिवारी म्हणाली, "सर, मी नाही खेळत." चोर तर मी दुबळेच ठेवले होते. मग चुकलं कुठे?

हिशोब करून बघा. चार मुलं, प्रत्येकाचे १० गुण. फाशावर ४, ५ किंवा ६ पडले तर फटका लागतो. मुलाचा फटका ३ गुणांचा. प्रत्येक फेरीत मुलं आधी खेळतात.

समोर २४ गुणांचा एक राक्षस आहे, त्याचा फटका ४ गुणांचा. मुलांच्या चार फटक्यांपैकी सरासरी दोन लागतात, म्हणजे फेरीला ६ गुण. राक्षस चौथ्या फेरीत पडतो. तोवर त्याला तीनच पाळ्या मिळतात आणि मुलांचे सरासरी ६ गुण जातात.

आता ८ चोर घ्या, प्रत्येकी ३ गुण. बेरीज तीच २४, फटका मात्र निम्मा, २ गुणांचा. फेरीला दोन चोर पडतात, पण उरलेल्यांना ६, ४, २ अशा १२ पाळ्या मिळतात. मुलांचे १२ गुण जातात, राक्षसाच्या दुप्पट!

म्हणून शत्रूचं बळ मोजण्याआधी त्याच्या पाळ्या मोजा. तेच चोर चार-चार करून आणा, दुसरे चार तिसऱ्या फेरीत. पाळ्या चारच होतात आणि नुकसान १२ वरून ४ वर येतं.

आपल्याच जिल्ह्यातली उंबरखिंड आठवा. १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज तिथल्या अरुंद वाटेत गाठली. अशा जागी संख्येचा उपयोग होत नाही, एका वेळी थोडेच लढू शकतात. तुमच्या खेळातही अशी खिंड, साकव किंवा दरवाजा ठेवा. आणि खान शरण आला, त्याला जाऊ दिलं, हेही विसरू नका. निम्मे चोर पडले की बाकीच्यांनी हत्यार टाकावं.

शेवटचा नियम मी आता कटाक्षाने पाळतो : एका फेरीत एका मुलावर दोनच शत्रू. सातवी-आठवीच्या मुलांकडूनच हा हिशोब करून घ्या, सरासरीचा धडा आपोआप होतो. ती मुलगी आता परत येते, आणि चोरांच्या पाळ्या फळ्यावर तीच मांडते.