साचा एक, वाघिणी पन्नास

लातूर-नांदेडकडे ‘क्लास’ म्हटले की शिकवणीच डोळ्यांपुढे येते. दहावी-बारावीच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला, तेव्हापासून तर हे नाते पक्केच झाले. पायथन या संगणकभाषेतला क्लास मात्र निराळा. त्याला ‘वर्ग’ म्हणतात खरे, पण तो शब्द ऐकला की बाक आणि फळाच आठवतो. आपण त्याला ‘साचा’ म्हणू.

एप्रिल 2016 आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. 12 एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला पाण्याच्या 10 वाघिणी होत्या. प्रत्येकीत सुमारे 50,000 लिटर, म्हणजे एकूण 5 लाख. पुढे 50 वाघिणींची गाडी सुरू झाली. (वाघीण म्हणजे रेल्वेच्या मराठीतली वॅगन, जंगलाशी तिचा संबंध नाही.)

आता या गाडीचा हिशोब संगणकावर ठेवायचा आहे असे समजा. प्रत्येक वाघिणीचा क्रमांक, तिची क्षमता आणि तिच्यातले पाणी. 50 वाघिणींसाठी दीडशे वेगवेगळी नावे द्यावी लागतील, आणि ती सांभाळताना कोणीही गोंधळेल. त्यापेक्षा वाघीण म्हणजे काय हे एकदाच लिहून ठेवायचे आणि त्यावरून हव्या तेवढ्या वाघिणी घडवायच्या. ही युक्ती पायथनची स्वतःची नव्हे. नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी 1967च्या सिम्युला भाषेत ती आणली. पायथन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1991मध्ये आली.

साचा लिहायचा कसा? पहिल्या ओळीत ‘क्लास’ हा शब्द, मग साच्याचे नाव आणि शेवटी अपूर्णविराम. खालच्या ओळी थोडी जागा सोडून, आत सरकवून लिहायच्या. ही जागा शोभेची नाही. कोणती ओळ साच्याच्या आत आहे हे पायथन तिच्यावरूनच ओळखते. 2008मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘वाघीण’, ‘पाणी’ अशी देवनागरी नावेही चालतात. क्लाससारखे भाषेचे मूळ शब्द तेवढे रोमन लिपीत टंकावे लागतात.

साच्यात पहिली कृती असते ‘इनिट’. तिच्या नावाच्या मागे-पुढे दोन-दोन अधोरेखा असतात. नवी वाघीण घडताच ही कृती आपोआप चालते आणि तिचा क्रमांक, क्षमता 50,000, पाणी 0 अशी नोंद करते. दुसरी कृती ‘भर’. आहे त्या पाण्यात सांगितलेले लिटर मिळवायचे, पण बेरीज क्षमतेपेक्षा जास्त होत असेल तर नकार द्यायचा.

या दोन्ही कृतींत ‘सेल्फ’ हा शब्द येतो आणि नवशिके तिथेच अडखळतात. सेल्फ म्हणजे ‘हीच वाघीण’, एवढेच. ‘पहिली.भर(30000)’ असे लिहिले की पायथन पहिल्या वाघिणीलाच सेल्फच्या जागी बसवते आणि पाणी तिच्याच खात्यात पडते. सेल्फ न लावता नुसते ‘पाणी’ लिहिले, तर ते नाव ती कृती संपेपर्यंतच टिकते. वाघीण कोरडीच राहते.

याहून फसवी चूक दुसरी आहे. प्रत्येक वाघीण केव्हा, किती भरली याची यादी ठेवायची आहे. ती रिकामी यादी इनिटमध्ये सेल्फला न जोडता थेट साच्याखाली लिहिली, तर 50 वाघिणींना मिळून एकच वही मिळते. पहिलीची नोंद पन्नासावीच्या वहीत दिसते. प्रोग्रॅम कुरकुर करत नाही, एकूण बेरीजही बरोबर येते. पण मिरजेला भरलेली कोणती वाघीण वाटेत गळली, हे लातूरच्या स्थानकावर कळायला मार्ग उरत नाही. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात असा हिशोब काय कामाचा?

सगळ्यांना समान असलेली गोष्ट, उदाहरणार्थ 50,000 ही क्षमता, साच्याखाली लिहायला हरकत नाही. नांदेडचे विष्णुपुरी आणि मांजरा एकाच ‘धरण’ साच्यातून घडवायचे असतील, तर मात्र क्षमताही ज्याची त्याला द्यावी लागेल.

आपला साचा नीट आहे की नाही हे पाहायला दोन वाघिणी पुरतात. एक भरा आणि दुसरीची वही उघडा. तिथे एकही नोंद दिसली, तर यादी उचलून इनिटमध्ये न्या आणि तिच्या आधी सेल्फ लावा.