आठवणीतला कंदील

तुमच्या कथेत खरं किती आणि रचलेलं किती, असं मला हमखास विचारतात. एका कथेपुरतं सांगतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात आमचं बिऱ्हाड होतं. पुढे त्या पुरावर कथा लिहायला घेतली, तेव्हा डोळ्यांपुढे चित्र पक्कं होतं : मिट्ट काळोख, कंदील आणि वडिलांच्या खांद्यावर मी. मग जुनी वर्तमानपत्रं चाळली. पानशेत फुटलं सकाळी. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही त्याच दिवशी गेलं. पेठांत पाणी शिरलं ते दिवसाउजेडी! वीज मात्र गेली होती. नंतरच्या रात्रींचा कंदील माझ्या आठवणीनं पुराच्या दिवशी नेऊन टांगला होता.

घडलेल्या गोष्टीची वेळ बदलायची नाही, असं मी ठरवलं. तो दिवस सोसलेली माणसं अजून आहेत. त्यांच्या दिवसाची रात्र करणारा मी कोण? पण माझी चूकही टाकून दिली नाही. ती कथेतल्या मुलाला दिली. तो मोठेपणी 'रात्रच होती' म्हणून भांडतो आणि आत्या त्याला वेड्यात काढते. कथा खरी तिथून हलली.

माणसांचं प्रकरण त्याहून नाजूक. पूर ओसरल्यावर वाड्यातल्या एका काकांवर दुसऱ्यांची पितळी भांडी घेतल्याचा आळ आला. थोड्याच दिवसांत ते बिऱ्हाड सोडून गेले. मी ते जसंच्या तसं लिहिलं, फक्त नाव बदललं. आईनं कच्चा खर्डा वाचला. म्हणाली, "नाव बदललंस, पण जिन्याखालची खोली तीच, खोकला तोच. वाड्यातलं कुणीही ओळखेल. आणि त्यांनी भांडी घेतली, हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मोठ्यांच्या कुजबुजीतून मी ते उचललं होतं.

मग तो आळ मी कथेतल्या मुलाच्या वडिलांवर घेतला. स्वतःच्या घरावर आल्यावर लेखणी जपून चालते. अंगणात भांड्यांचा ढीग, त्यावरची कोरलेली नावं वाचून जो तो आपलं उचलतोय, असा प्रसंग लिहिला. तो वाचून आई बराच वेळ गप्प बसली.

"त्यांच्या भांड्यांवर नावच नव्हतं रे," ती म्हणाली. "नाव घालायला अक्षरामागे पैसे पडायचे."