मराठीच्या तासाला चूक, हिंदीच्या तासाला बरोबर

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय काढला. महाराष्ट्रभर गदारोळ उठला. १७ जूनला शब्दांची अदलाबदल करून सुधारित निर्णय आला. तोही लोकांनी नाकारला. अखेर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करण्याची पाळी सरकारवर आली आणि अर्थतज्ज्ञ, ‘आमचा बाप आन् आम्ही’चे लेखक डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ५ जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला. गुलाल उधळला गेला, भाषणे झाली.

पण वाचकहो, या सगळ्या गलबल्यात एक विद्यार्थी कोणालाच दिसला नाही. तो आहे पाचवी ते आठवीच्या वर्गात बसलेला मुलगा आणि त्याच्या शेजारची मुलगी. मराठी शाळांत पाचवीपासून हिंदी कित्येक वर्षे शिकवली जात आहे. त्याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही आणि मेळावाही घेतला नाही. चार वर्षे हिंदीचा तास भरतो, त्यातून बहुजनांच्या लेकरांच्या पदरात नेमके काय पडते, हे कोणी विचारलेच नाही. हिंदी कितवीपासून, यावर महाराष्ट्र भांडला. हिंदी कशी शिकवायची आणि कोणी शिकवायची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर रायगडच्या किनारपट्टीवर यावे. उरणपासून अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनपर्यंतच्या या पट्ट्यात आगरी आहेत, कोळी आहेत, बौद्ध आहेत, कातकरी आहेत, कोकणी मुसलमान आहेत. मुरूड तालुक्यातील कोर्लई गावात तर पोर्तुगीज वळणाची एक मिश्र बोली आजही घराघरात बोलली जाते. उरणला बंदर आले, थळला खत कारखाना आला, डोलवीला पोलाद कारखाना आला. त्यांच्याबरोबर उत्तरेकडचा कामगार आला आणि त्याची मुले इथल्याच शाळांत बसू लागली. काशीद आणि अलिबागच्या किनाऱ्यावर दर शनिवार-रविवारी पर्यटकांची हिंदी कानावर आदळते. म्हणजे या पोरांना हिंदी परकी नाही. बाजारात, टीव्हीवर, किनाऱ्यावर ती रोज त्यांना भेटते. परकी असते ती शाळेतली हिंदी.

कागदावर हिंदी ही मुलाची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. पण कातकरी वाडीवरच्या मुलाचा हिशेब करा. घरी कातकरी बोली, शाळेत प्रमाण मराठी, शासनाच्या धोरणामुळे २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आणि मग पाचवीत हिंदी. त्याच्यासाठी हिंदी चौथी ठरते. त्यात दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेले की तोही त्यांच्यामागे जातो. परत येतो तेव्हा पुस्तक अर्धे संपलेले असते. पण शासनाच्या तक्त्यात कोळीवाड्यातले मूल, बौद्धवाडीतले मूल, वाडीवरचे मूल आणि शहरातल्या वकिलाचे मूल या सगळ्यांची ‘प्रथम भाषा मराठी’ एवढीच नोंद होते. विषमता लपवायची तर असे तक्ते फार उपयोगी पडतात.

आता एक साधा शब्द घ्या. पाणी. आगरी-कोळी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. पोरगे घरी ‘पानी’ म्हणते, ‘काला’ म्हणते, ‘फल’ म्हणते. मराठीच्या तासाला ते ‘पानी’ म्हणाले की वर्ग हसतो आणि गुरुजी दुरुस्त करतात. “पानी नाही रे, पाणी!” पुढचा तास हिंदीचा. त्या तासाला तेच पोर आता घाबरून ‘पाणी’ म्हणते आणि पुन्हा चुकते. कारण इथे ‘पानी’ बरोबर आहे. ‘काला’ बरोबर आहे. ‘फल’ही बरोबर आहे. घंटा वाजली आणि चुकीचे बरोबर झाले! जीभ तीच, मूल तेच, शाळाही तीच. मग चूक होती कोणाची?

‘आनि-पानी’ची थट्टा आपल्या समाजाला नवी नाही. महारवाड्यातून शाळेत गेलेल्या पहिल्या पिढीने ती सोसली, दुसऱ्या पिढीने सोसली. एका ‘ण’वरून माणसाची जात ओळखायची आणि त्याला गप्प बसवायचे, हा प्रस्थापितांचा जुना धंदा आहे. ज्याला चवदार तळ्याचे पाणी पिऊ दिले नाही, त्याला ‘पाणी’ म्हणताही येत नाही म्हणून हसायचे, यापेक्षा मोठा ढोंगीपणा कोणता? मूल गप्प बसते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. तोंड उघडले की आपली जात दिसते, हे त्याला कळलेले असते म्हणून. आणि जे मूल बोलतच नाही, त्याला कोणती भाषा येणार?

हिंदीबद्दल बाबासाहेबांचे मत काय होते, हेही नीट समजून घेतले पाहिजे. आज हिंदीचे समर्थक त्यांचे एक वाक्य उचलतात, विरोधक दुसरे. ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या १९५५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी भारतीयांनी एक होण्यासाठी हिंदी आपली मानावी, अशी भूमिका स्पष्टपणे मांडली. पण त्याच ग्रंथात उत्तरेच्या संख्याबळाचा धोकाही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे दाखवला. हिंदीचा निर्णय काँग्रेस पक्षाच्या बैठकीत आधी ७८ विरुद्ध ७८ असा अडला आणि नंतर अवघ्या एका मताने झाला, ही हकीकत त्यांनीच नोंदवून ठेवली. उत्तर प्रदेशाची तीन आणि बिहार व मध्य प्रदेशाची प्रत्येकी दोन राज्ये करा, असे त्यांनी सुचवले. म्हणजे बाबासाहेबांना भाषा हवी होती, पण कोणा एका प्रदेशाची दादागिरी नको होती. आपलीही भूमिका यापेक्षा वेगळी असण्याचे कारण नाही. शिवाय ज्या विद्यार्थ्याला शाळेत संस्कृत नाकारली गेली म्हणून फारसी घ्यावी लागली, त्या विद्यार्थ्याचे आपण वारसदार आहोत. भाषा नाकारली जाणे म्हणजे काय आणि भाषा लादली जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता वर्गात काय चालते ते पाहू. बहुतेक ठिकाणी पद्धत ठरलेली आहे. गुरुजी धडा वाचतात, शब्दार्थ फळ्यावर लिहितात, प्रश्नोत्तरे सांगतात, मुले उतरवून घेतात. परीक्षेपूर्वी गाईड येते. निबंध पाठ, पत्र पाठ, मुहावरे पाठ. चार वर्षांत मूल हिंदीत स्वतःचे एक वाक्यसुद्धा बोलत नाही. बोललेच तर ‘मेरे को’ म्हणून पुन्हा हशा!

यात दोष एकट्या शिक्षकाचा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक, असे किमान शिक्षक हवेत. ‘भाषांना एक’ म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्हींचे ओझे एकाच माणसाच्या डोक्यावर. त्यात निवडणुका, जनगणना, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती. कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदे कमी करणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाविरुद्ध शिक्षकांना रस्त्यावर उतरावे लागले. कमी पटाच्या शाळा असतात कुठे? वाड्यांवर, पाड्यांवर, खाडीपलीकडे. आमच्याच वस्तीत. एकीकडे शिक्षक काढून घ्यायचे आणि दुसरीकडे पहिलीपासून आणखी एक भाषा द्यायची, हा कुठला न्याय?

तरीही एका शिक्षकालासुद्धा पुष्कळ करता येते. मराठी आणि हिंदी या शेजारच्या भाषा आहेत, लिपी एकच आहे. म्हणूनच इथे इंग्रजीसारखे शून्यापासून शिकवायचे नसते, फरक तेवढा शिकवायचा असतो. ‘हर बच्चे को शिक्षा मिलनी चाहिए’ हे वाक्य मराठी मुलापुढे ठेवा. प्रत्येक मुलाला बडवले पाहिजे, असा त्याचा अर्थ तो लावील! हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडची शिक्षा म्हणजे छडी. ‘बाल्टी खाली है’ म्हणजे बादली रिकामी आहे, ती जमिनीवर आहे असे नव्हे. हिंदीतला ‘संसार’ म्हणजे जग आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. असे पन्नास शब्द मुलांनी स्वतः शोधून वहीत लिहिले तर गाईडची गरज उरत नाही.

व्याकरणाचेही तसेच. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. मग आपल्या नपुंसकलिंगी शब्दांनी जायचे कुठे? ‘ते पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी होते आणि ‘ते दही’ पुल्लिंगी. ‘तो आवाज’ तिकडे स्त्रीलिंगी होतो. आपण ‘मी आंबा खाल्ला’ म्हणतो, ‘मी’ला ‘ने’ लावत नाही. म्हणून मूल ‘मैं आम खाया’ म्हणते. हिंदीला तिथे ‘मैंने’ हवे असते. मराठीत ‘कवी’ आणि ‘गुरू’ दीर्घ, हिंदीत ‘कवि’ आणि ‘गुरु’ ऱ्हस्व. ही मुलाची बेफिकिरी नव्हे. एका भाषेचा नियम तो प्रामाणिकपणे दुसरीत पाळत असतो. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर लाल रेघ मारण्याऐवजी तो कारण सांगेल.

‘तुम’चेही पाहा. आपण मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणून मूल हिंदीत गुरुजींना ‘तुम’ म्हणते आणि उद्धट ठरते. हिंदीत मान ‘आप’ला आहे. हा धडा नुसत्या व्याकरणाचा नाही. गावात कोणाला ‘अरे-तुरे’ होते आणि कोणाला ‘अहो-जाहो’, हे आपल्या पोरांना पुस्तकाआधी कळते. ‘तू, तुम, आप’ शिकवताना वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी ‘आप’ म्हणून पाहा. ती भाषा त्याला आयुष्यभर विसरणार नाही.

आणि वाचायला काय द्यायचे? प्रेमचंदांची ‘ठाकुर का कुआँ’ ही कथा १९३२ ची. आजारी नवऱ्याला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून रात्रीच्या अंधारात ठाकुराच्या विहिरीवर जाणाऱ्या आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या गंगीची ती कथा आहे. त्याआधी पाच वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, याच रायगड म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात बाबासाहेब हजारोंना घेऊन दिवसाढवळ्या चवदार तळ्यावर गेले होते. सातवीच्या मुलांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. गंगी एकटी का गेली, रात्री का गेली, इथले लोक दिवसा आणि मिळून कसे गेले, हे त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू द्या. हिंदी आपोआप फुटेल. पुढे याच नावाची कविता ओमप्रकाश वाल्मीकी यांनी लिहिली. २०२३ मध्ये ती राज्यसभेत वाचली गेली तेव्हा केवढे वादळ उठले! उत्तर प्रदेशात जन्मलेल्या वाल्मीकींनी अंबरनाथच्या आयुध कारखान्याच्या संस्थेत प्रशिक्षण घेतले आणि महाराष्ट्रात असताना मराठी दलित साहित्याशी त्यांचे नाते जुळले. त्यांच्या ‘जूठन’मध्ये शाळेचे मैदान झाडायला लावलेला मुलगा आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ हिंदीत ‘अछूत’ या नावाने गेले. ही देवाणघेवाण म्हणजेच आपली हिंदी आहे.

म्हणूनच सक्तीला विरोध करताना हिंदीचा तास फेकून देऊ नका, असे आमचे सांगणे आहे. लखनौचा, पाटण्याचा, दिल्लीचा आंबेडकरी कार्यकर्ता आपल्याशी याच भाषेत बोलतो. बंदरातला मुकादम याच भाषेत हुकूम सोडतो. हुकूम समजण्यापुरती हिंदी आपल्या पोरांना किनाऱ्यावर फुकट मिळते. उलट उत्तर देण्याइतकी, अर्ज लिहिण्याइतकी, करार वाचण्याइतकी हिंदी शाळेनेच द्यावी लागेल. १९६८ च्या धोरणाने हिंदी राज्यांनी आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडची, शिकावी असे ठरवले होते. तिकडे बहुतांशी संस्कृत शिकवून वेळ मारून नेली गेली. एकात्मतेचा सगळा भार आमच्याच पोरांनी का वाहायचा, हा सवालही विचारलाच पाहिजे.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. पहिली ते चौथी मुलाच्या बोलीला आणि मराठीला द्या. उच्च प्राथमिकला हिंदीसाठी तयारीचा शिक्षक द्या आणि वाडीवरच्या शाळेतले पद कापू नका. परीक्षेत बोलण्याला गुण ठेवा. फळ्यावर चार रकाने आखा : घरी काय म्हणतात, मराठीत काय, हिंदीत काय, इंग्रजीत काय. पहिला रकाना मुलाने स्वतः भरायचा आणि तो कोणी खोडायचा नाही. हे सरकार करीपर्यंत बुद्धविहारांतील अभ्यासिकांनी सुरू करावे. १९३४ साली चरीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली याच किनाऱ्यावरची कुळे खोतांविरुद्ध एकत्र बसली होती. त्यांच्या पणतवंडांनी एका अभ्यासिकेत आगरी, कोळी, कातकरी, बौद्ध असे शेजारी बसून आपापले ‘पानी’ फळ्यावर लिहायला काय हरकत आहे?