डेटाबेसची राखण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जमीन विकली गेली, वारस लागले वा बोजा चढला, तरी सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करण्याची मुभा तलाठ्यास नसते. आधी गाव नमुना ६ च्या फेरफार नोंदवहीत नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. अमरावती-अकोल्याकडील पतसंस्था, दवाखाने, महाविद्यालये व अडतीची दुकाने यांतून डेटाबेस सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींना मी नेहमी हेच उदाहरण देतो. कारण पोस्टग्रेससारखा डेटाबेसही प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहितो व नंतर सवडीने मूळ तक्त्यांत उतरवितो, आणि मध्येच वीज गेली तर तीच रोजकीर्द वाचून आपले दप्तर पुन्हा जुळवून घेतो.

लॉग म्हणजे रद्दी, डिस्क भरली की तो खुशाल पुसावा, हा म्हणूनच मोठा घातक समज होय. पोस्टग्रेसमध्ये या रोजकीर्दीच्या फोल्डरचे नाव पूर्वी 'पीजी_एक्सलॉग' असे होते. त्यातील 'लॉग' हा शब्द पाहून जागोजागच्या लोकांनी तो फोल्डर रिकामा करून आपले डेटाबेस गमावले, आणि अखेर २०१७ साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीत कर्त्यांना ते नाव बदलून 'पीजी_वॅल' करावे लागले. तेथील फायली साचत असतील तर त्या कोणासाठी अडून आहेत हे शोधावे: बंद पडलेला दुय्यम सर्व्हर, किंवा अभिलेखात फायली नेऊन ठेवणारी पण मध्येच थांबलेली आज्ञा, हीच कारणे बहुधा निघतात.

दुसरा समज मला अधिक छळतो. 'बॅकअप रोज होतो' असे सांगितले जाते, ते खरेही असते, आणि तरीही बॅकअप नसतो. अकोल्यातील एका लहान संस्थेत मे महिन्याच्या एका दुपारी, पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, सर्व्हरची डिस्क बसली. नकलांचा, म्हणजे बॅकअपचा, फोल्डर उघडला, तो प्रत्येक रात्रीची फाईल तारीखवार हजर होती. परंतु आकाराच्या रकान्याकडे पाहिले, तेव्हा गेल्या ७ आठवड्यांची प्रत्येक फाईल अवघी २० बाइटची होती. डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यापासून नक्कल काढणारा 'पीजी_डंप' रोज अपयशी ठरत होता. त्याच्यापुढे जोडलेला, फाईल दाबून लहान करणारा 'जीझिप' मात्र त्या शून्य मजकुराची इमानाने गाठोडी बांधीत होता, आणि रिकाम्या गाठोड्याचेही वजन २० बाइट भरते. नळीने जोडलेल्या आज्ञांत शेवटच्या आज्ञेचाच निकाल ग्राह्य धरला जात असल्यामुळे संगणकाच्या दृष्टीने ते काम रोज यशस्वी होते. दोन कारकुनांनी महिनाभर कागदी पावत्यांवरून नोंदी पुन्हा चढविल्या. ते वाकलेले खांदे मी विसरलेलो नाही.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट याहून वेगळी नसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० जीबीचा डेटा पुसला. नंतर शोध घेतला तेव्हा कळले की, नक्कल घेणारा 'पीजी_डंप' ९.२ आवृत्तीचा व डेटाबेस ९.६ चा असल्यामुळे नकला निघतच नव्हत्या, आणि त्या अपयशाच्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिनेच त्यांना तारले. कंपनीने ही सारी चूक तपशीलवार जाहीर केली, याबद्दल मला तिच्याविषयी आदर वाटतो.

दोन डिस्क जोडीने चालतात किंवा दुसरा सर्व्हर पहिल्याचे प्रतिबिंब धरतो, मग नक्कल कशाला, असेही विचारले जाते. यंत्र बिघडले तर ही जोडी उपयोगी पडते. माणूस चुकला तर ती निरुपयोगी, कारण अट न घालता दिलेली 'डिलीट'ची आज्ञा क्षणार्धात त्या प्रतिबिंबातही पोहोचते. यूपीएसची गोष्टही तशीच: तो फार वेळ वीज देत नाही, सर्व्हर रीतसर बंद करण्यापुरता अवधी देतो, आणि बंद करण्याची आज्ञा रात्री २ वाजता देणारे कोणी नसेल तर ती आपोआप सुटेल अशी तजवीज आधीच करावी लागते.

महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या संगणकावर रात्रीची नक्कल पूर्णपणे उतरवावी, शेवटच्या पावतीचा क्रमांक रोकडवहीशी ताडून रुजुवात करावी, आणि लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा. अकोल्याच्या त्या संस्थेत हा परिपाठ आता सुरू आहे. पहिल्याच खेपेस उघडकीस आले की एकट्या 'पीजी_डंप'च्या नकलेत वापरकर्त्यांची खाती व पासवर्ड येतच नाहीत, त्यांसाठी 'पीजी_डंपऑल' निराळा चालवावा लागतो. ती आज्ञा त्याच संध्याकाळी रात्रीच्या कामांत जोडली गेली.