रेस न घेणारे इंजिन

"सुरू होते, पण रेस घेत नाही." जुन्या मोटारींच्या बाबतीत गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारी ही तक्रार. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होते, जागेवर बरे चालते. पण ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते, फुरफुरते आणि एका मर्यादेपलीकडे त्याचे फेरे वाढतच नाहीत. घाटात ट्रकला मागे टाकताना असे झाले तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. दुरुस्तीला गाडी नेली की पुष्कळदा आधी प्लग बदलले जातात, मग कॉईल, मग कार्बोरेटर. पैसे खर्च होतात आणि गाडी होती तशीच राहते, कारण दोष शोधलेलाच नसतो. नुसते सुटे भाग बदललेले असतात.

हा दोष पद्धतशीरपणे कसा शोधावा, ते पाहू या. उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊ. फियाटच्या ११०० या मोटारीवरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सर्वांच्या ओळखीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली; पण हौशी मालकांनी जपलेल्या काही गाड्या अजून धावतात. तिच्या चार सिलिंडरच्या, १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात संगणक नाही. प्रत्येक क्रिया डोळ्यांनी पाहता येते, म्हणून शिकण्या-शिकवण्यासाठी हे इंजिन फार सोयीचे आहे.

जागेवर चालणे ही सोपी परीक्षा

इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, योग्य क्षणी ठिणगी आणि जळलेल्या वायूंना बाहेर पडण्यासाठी मोकळी वाट. इंजिन जागेवर चालत असताना या तिन्ही गोष्टी थोड्याच लागतात. अर्धवट तुंबलेल्या नळाखाली तांब्या भरतो, पण बंबाला पाणी पुरत नाही. तसेच हे आहे. मागणी वाढली की लपलेला दोष उघडा पडतो.

मागणी किती वाढते याचे गणित मुलांना सहज करता येईल. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणजे चार सिलिंडरांना मिळून प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या. मिनिटाला ८०० फेरे असताना सेकंदाला सुमारे २७ ठिणग्या पडतात. ४००० फेरे झाले की १३३. एका ठिणगीची सगळी तयारी साडेसात हजारांश सेकंदात उरकावी लागते. हवेचेही तसेच. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एका लिटर पेट्रोलसाठी ही हवा जवळजवळ ९,००० लिटर होते. एअर फिल्टर धुळीने माखला असेल तर एवढी हवा आत येणार कशी?

म्हणून पहिली तपासणी अगदी साधी. इंजिन बंद असताना एकाने पायाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने कार्बोरेटरची झडप खरोखर पूर्ण उघडते का, ते पाहावे. मग एअर फिल्टर काढून पाहावा. या दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही, आणि तरीही त्याच राहून जातात.

अडखळते ते नेमके केव्हा?

डॉक्टर विचारतात, "ताप केव्हा येतो?" तोच प्रश्न इथे विचारायचा.

पाय दाबताक्षणी इंजिन गचकले आणि मग सावरले, तर संशय कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपावर. झडप एकदम उघडली की हवा लगेच आत धावते, पेट्रोल मात्र मागे राहते. ही तूट भरून काढण्यासाठी हा पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो. त्याचा पडदा फाटला की पिचकारी बंद.

इंजिन आधी नीट वेग घेऊन काही सेकंदांनी दम सोडत असेल, तर पेट्रोल कमी येत असावे. कार्बोरेटरच्या लहानशा टाकीत, घरच्या पाण्याच्या टाकीसारखाच, तरंगणारा गोळा आणि तोटी असते. आधी ही साठवण संपते, मग उपासमार सुरू होते. याचे कारण तुंबलेला फिल्टर असेल किंवा थकलेला पेट्रोल पंप, ज्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात. कधी कधी दोष टाकीच्या झाकणात असतो. झाकणाचे बारीक छिद्र बुजले की टाकीत हवा शिरत नाही, आतला दाब कमी होतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत पडते, हे आपण जाणतोच. झाकण सैल करून गाडी थोडी चालवली की या शंकेचा निकाल लागतो.

ठरावीक फेऱ्यांवर येऊनच इंजिन 'मिसिंग' करू लागले, तर लक्ष ठिणगीकडे वळवावे.

चोकची परीक्षा

इथे जुना मेकॅनिक एक सुंदर प्रयोग करतो. इंजिन अडखळत असतानाच तो चोक थोडा ओढतो. चोकमुळे हवेचे तोंड अरुंद होते आणि जेटमधून पेट्रोल जास्त ओढले जाते. इंजिन सुधारले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते, किंवा एखाद्या फाटक्या गॅस्केटमधून जादा हवा शिरत होती. इंजिन आणखी बिघडले, तर पेट्रोल कमी नव्हते. मग ठिणगी, जादा पेट्रोल किंवा बाहेरची वाट यांच्याकडे पाहायचे. एका हालचालीत संशयितांची यादी जवळजवळ निम्मी होते. जादा पेट्रोल असेल तर काळा धूर आणि प्लगवरची काजळी साक्ष देतात.

आज या परीक्षेला वेगळे महत्त्व आले आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो हवाच पुरते. जुना कार्बोरेटर मात्र शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेला. त्याच्या जेटमधून हे मिश्र इंधन आले की हवा थोडी जास्त होते. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या खराब होऊ शकतात आणि टाकीतला गाळ सुटून फिल्टरमध्ये येऊ शकतो.

ठिणगी: बाहेर दिसते, आत पडत नाही

प्लग काढून, तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहणे ही सर्वांना ठाऊक असलेली चाचणी. पण ती फसवी आहे. बाहेर हवेचा दाब साधा असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेले असते आणि ॲक्सिलरेटर जितका जास्त दाबावा तितका हा दाब वाढतो. दाबलेल्या वायूतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. म्हणून बाहेर निळी ठिणगी देणारी दुबळी कॉईल आत ऐन वेळी हार खाते.

हे व्होल्टेज येते कुठून? कॉईलच्या प्राथमिक वेटोळ्यातला प्रवाह पॉईंट एकदम तोडतात, तेव्हा दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. फॅरडेचा नियमच तो. पण प्रवाह वाढायला वेळ लागतो. पॉईंटमधली फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात. ती जास्त झाली तर पॉईंट मिटलेले राहण्याचा काळ घटतो, आणि जास्त फेऱ्यांवर प्रवाह पुरेसा वाढण्याआधीच तुटतो. ठिणगी दुबळी पडते.

ठिणगीची वेळही महत्त्वाची. मिश्रण जळायला अवधी लागतो, म्हणून फेरे वाढले की ठिणगी आणखी आधी पडावी लागते. हे काम डिस्ट्रिब्यूटरमधली दोन छोटी वजने करतात. वेगाबरोबर ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ पुढे ओढतात. ती गंजून अडकली तर इंजिन जागेवर उत्तम चालते, पण वेगात मंद आणि गरम होते. टायमिंग लाइटच्या लुकलुकत्या प्रकाशात फिरत्या पुलीवरची खूण स्थिर दिसते. रेस दिल्यावर ती सरकली नाही, तर वजने अडकली असे समजावे.

बाहेरची वाट

सगळे ठीक असूनही रेस मिळत नसेल तर सायलेन्सर पाहावा. बाहेरून धडधाकट दिसणारा सायलेन्सर आतून कोसळून तुंबलेला असू शकतो. इनटेकला निर्वातमापक जोडला, तर चांगले इंजिन जागेवर सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटर पाऱ्याइतका कमी दाब दाखवते. २५०० फेऱ्यांवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली येऊ लागला, तर वायू आत अडकत आहेत. जे बाहेर पडत नाही ते नव्याला आत येऊ देत नाही. इंजिन थंड असताना पाईपचा सांधा सैल करून पुन्हा पाहावे. आवाज मोठा झाला पण रेस मिळाली, तर दोष सापडला. इथेही दोष नसेल, तर व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन तपासायचे. ते काम मात्र गॅरेजमध्येच.

वर्गासाठी

या तपासणीतून चार नियम निघतात. सोप्या आणि बिनखर्चाच्या शंका आधी तपासाव्यात. एका वेळी एकच बदल करावा. "हे कारण खरे असेल तर काय दिसेल?" ते आधी सांगून मगच पाहावे. आणि दुरुस्तीनंतर शक्य असेल तिथे जुना भाग परत बसवून दोष परततो का, ते पाहावे. परतला तरच कारण सिद्ध झाले.

विद्यार्थ्यांना जवळच्या गॅरेजमध्ये नेऊन मेकॅनिकला प्रत्येक चाचणीमागचे कारण विचारायला सांगा. इंजिन बंद खोलीत चालू नसावे, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो. फिरत्या पंख्यापासून आणि पेट्रोलपासून मुलांना दूर ठेवावे. शाळेत सायकलचा डायनॅमो किंवा न लागणारी विजेरी घेऊन हेच चार नियम वापरता येतील.

दहावीत विज्ञानात नापास झालेला एखादा मुलगा अशाच गॅरेजमध्ये कामाला असतो. कान लावून, चोक ओढून, एकेक शक्यता खोडत तो जे करतो, त्याला पुस्तकात वैज्ञानिक पद्धत म्हणतात. हे त्याला आणि त्याच्या शाळेला वेळीच कळले असते, तर कदाचित त्याचा निकाल वेगळा लागला असता.